रिपोर्टातील बारीक धमनी आणि न दिसलेला फुगा

पत्राचा सारांश: देवगड तालुक्यातील ४७ वर्षांच्या एक वाचक भगिनी लिहितात की, गेली अनेक वर्षे त्यांच्या डोक्याची एक बाजू अधूनमधून ठणकते, मळमळते आणि उन्हातून आल्यावर हा त्रास वाढतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईत राहणारे त्यांचे थोरले बंधू ५२व्या वर्षी ‘ब्रेन हॅमरेज’ने अचानक गेले. त्या धास्तीने त्यांनी यंदा कोल्हापूरला जाऊन मेंदूचा एमआरआय आणि एमआर अँजिओग्राफी करून घेतली. उजवी ‘ए-वन’ धमनी ‘हायपोप्लास्टिक’, म्हणजे कमी वाढलेली, बारीक आहे, डावी ‘पीसीए’, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाची धमनी, ‘फीटल ओरिजिन’ची आहे आणि अॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा फुगा, दिसत नाही, असे रिपोर्टात लिहिले आहे. गावातील डॉक्टरांनी ‘हे काहीच नाही, विसरून जा’ असे सांगितले. मुंबईतील पुतण्याने कुठेतरी वाचून ‘अशा माणसांनाच फुगे येतात, ताबडतोब मोठी अँजिओग्राफी करा’ असे बजावले. बारीक धमनी ऑपरेशनने मोठी करता येते का, १९ वर्षांच्या मुलीचीही तपासणी करावी का, तिच्या लग्नाच्या वेळी हे सांगावे लागेल का आणि आंब्याच्या पेट्या उचलणे बंद करावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. पत्राच्या अखेरीस त्यांनी जाता जाता लिहिले आहे की, मागच्या वेळी रक्तदाब १५६/९८ होता, हंगामाच्या धावपळीत गोळी कधीकधी राहून जाते आणि मशेरीची सवय आहे.

तुमच्या रिपोर्टात तीन विधाने आहेत. पत्रात मात्र चिंता पहिल्या दोनच विधानांची आहे. तिसरे विधान, म्हणजे फुगा दिसत नाही हे, तुम्ही एका वाक्यात उरकले आहे, आणि ज्या रक्तदाबाचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तुम्ही शेवटच्या ओळीत ढकलला आहे. हा क्रम उलटा करावा, एवढेच खरे तर मला सांगायचे आहे. पण ‘काहीच नाही’ असे म्हणून तुमची बोळवण करणेही बरोबर नाही, कारण धमन्यांची ठेवण आणि फुगे यांचा संबंध पुतण्याच्या कल्पनेतला नाही. तो खरा आहे. फक्त तो तुम्ही समजता तसा नाही.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या मोठ्या धमन्या चार. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड आणि मणक्यांतून वर येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, ज्या पुढे एकत्र येऊन बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी या सगळ्यांना लहान जोडधमन्या एकमेकींशी बांधतात आणि एक कडे तयार होते. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे नीट वर्णन केले, म्हणून ते विलिसचे वर्तुळ म्हणून ओळखले जाते. त्या वर्णनासोबतची चित्रे पुढे वास्तुविशारद म्हणून प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती. पाठ्यपुस्तकात हे वर्तुळ दोन्ही बाजूंनी सारखे आणि पूर्ण दाखवलेले असते. प्रत्यक्षात माणसांची तपासणी केली, की बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून कमी लोकांमध्येच ते तसे सापडते. कोणाची एखादी जोडधमनी धाग्यासारखी असते, कोणाची नसतेच, कोणाची एक बाजू जाड आणि दुसरी बारीक असते. किती मिलिमीटरच्या खाली धमनीला ‘हायपोप्लास्टिक’ म्हणायचे याचे मापही सर्व अभ्यासांत एकच नाही. म्हणून पुतण्याने वाचलेली टक्केवारी आणि दुसऱ्या ठिकाणची टक्केवारी जुळत नाही. ‘माझे वर्तुळ अपूर्ण आहे’ हे वाक्य पत्रात तुम्ही तीनदा लिहिले आहे. तुमच्या आळीतील निम्म्याअधिक माणसांना ते लिहिता आले असते. त्यांनी एमआरआय केलेला नाही, इतकाच फरक.

आता तुमच्या दोन नोंदी. कपाळामागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचा पहिला तुकडा म्हणजे ‘ए-वन’. तो दोन्ही बाजूंना एकेक असतो आणि पुढे एका आखूड जोडधमनीने दोन्ही बाजू जोडलेल्या असतात. तुमची उजवी ए-वन बारीक आहे, म्हणून डावी ए-वन दोन्ही बाजूंचा भार वाहते. दुसरी नोंद मेंदूच्या मागच्या भागाची आहे. गर्भावस्थेत हा भाग पुढच्या कॅरोटिड धमनीकडून रक्त घेतो. पुढे बॅसिलर धमनी मोठी होत जाते आणि बहुतेकांत ती हे काम स्वतःकडे घेते. काहींत जुनीच सोय कायम राहते आणि तिलाच ‘फीटल’ ठेवण म्हणतात. गर्भात बाळाला काही झाले होते किंवा वाढ खुंटली होती असा त्याचा अर्थ नाही. आईने गरोदरपणी काही चुकीचे केले का, हा तुमच्या सासूबाईंचा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो.

मग संबंध कुठे येतो? मेंदूतले फुगे धमनीवर कुठेही येत नाहीत; ते बहुधा धमनी जिथे दुभागते किंवा तिला फांदी फुटते त्या टोकाशी येतात. पोफळीच्या बागेत पाटाच्या दोन वाटांपैकी एक गाळाने बुजली, तर सगळे पाणी दुसरीतून धावते आणि ज्या वळणावर ते आदळते तिथली माती आधी खचते. धमनीतही असेच घडते. एक ए-वन बारीक असली, की दुसरीतून जाणारे रक्त वाढते आणि ते पुढच्या जोडधमनीच्या तोंडाशी जोराने आदळते. धमनीच्या आतल्या अस्तराला हा घर्षणाचा ताण जाणवतो, तिथे दाह सुरू होतो, भिंतीतला लवचिक पडदा झिजतो आणि स्नायूचा थर पातळ होतो. कवटीच्या आतल्या धमन्यांना बाहेरचा लवचिक पडदा नसतोच आणि भोवती आधार देणारे मांसही नसते. त्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. त्यामुळे एकदा भिंत सैल पडली, की फुगवटा यायला जागा मिळते. पुढच्या जोडधमनीवर फुगा असलेल्या रुग्णांच्या तपासण्यांत दोन ए-वनमधील ही असमानता इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आढळते, आणि फीटल ठेवणीचा संबंध मागच्या जोडधमनीच्या मुळाशी येणाऱ्या फुग्यांशी दिसतो. हे शल्यविशारदांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे.

इथपर्यंत पुतण्याचे बरोबर आहे. त्याची चूक पुढच्या पावलात आहे. फुगा असलेल्यांमध्ये अशी ठेवण वारंवार सापडते, यावरून अशी ठेवण असलेल्यांना फुगा होतोच असे निघत नाही. प्रौढ माणसांपैकी शंभरात सुमारे तिघांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो, आणि त्यांतील बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. फुटण्याचे प्रमाण जगभरात वर्षाला दर लाख लोकांमागे दहापेक्षाही कमी आहे. केवळ हिशेबासाठी समजा, की तुमच्या ठेवणीमुळे फुगा असण्याची शक्यता दुप्पट झाली. तरीही शंभरातील चौऱ्याण्णव जणींकडे फुगा नसेल. शिवाय तुमची तपासणी झालेली आहे आणि तीत तो दिसलेला नाही. ज्यांच्या मेंदूत फुगा सापडतो त्यांच्यात तो फुटण्याचा धोका मोजण्यासाठी डॉक्टर ‘फेझेस’ नावाची गुणपद्धत वापरतात. ती २०१४ साली ८३८२ रुग्णांच्या माहितीवरून तयार झाली. तीत लोकसमूह, उच्च रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, पूर्वी दुसरा फुगा फुटला होता का आणि फुग्याची जागा या सहा गोष्टींना गुण आहेत. वर्तुळाच्या अपूर्णतेला त्यात एकही गुण नाही. रक्तदाबाला आहे.

दादांबद्दल लिहिताना मला थोडे थांबावे लागते, कारण तुमच्या सगळ्या भीतीचा पाया तिथे आहे. ‘ब्रेन हॅमरेज’ हे एक निदान नव्हे. मेंदूच्या आत खोलवर, अनियंत्रित रक्तदाबामुळे झिजलेली बारीक धमनी फुटणे हा एक प्रकार, आणि तोच जास्त आढळतो. मेंदूच्या पृष्ठभागाभोवतीच्या पोकळीत फुगा फुटून रक्त पसरणे हा दुसरा, ज्याला सबअरॅक्नॉइड रक्तस्राव म्हणतात. कुटुंबातील इतरांच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ अगदी वेगळा आहे. वहिनींकडे रुग्णालयातून मिळालेले कागद असतील. त्यांत सीटी स्कॅनच्या रिपोर्टाची शेवटची तीन-चार वाक्ये पाहा. तिथे ‘इंट्रासेरेब्रल’, ‘बेसल गँग्लिया’ किंवा ‘थॅलॅमस’ असे शब्द असतील आणि फुग्याचा उल्लेख नसेल, तर दादांचा आजार बहुधा रक्तदाबाचा होता. ‘सबअरॅक्नॉइड’ किंवा ‘अॅन्युरिझम’ असे लिहिलेले असेल, तर तो फुग्याचा होता. हे कागद मागायला संकोच वाटेल, विशेषतः वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर जुना विषय काढायला. तरीही मागा, कारण नवी महागडी तपासणी जे सांगणार नाही ते हा जुना कागद सांगेल.

तो फुगाच होता असे निघाले, तरी काय बदलते? आई-वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांपैकी दोन किंवा अधिक जणांना असा फुगा किंवा त्याचा रक्तस्राव झाला असेल, तर इतरांची तपासणी करण्याची शिफारस केली जाते. एकच नातेवाईक असेल, तर सरसकट शिफारस नाही. वय, रक्तदाब, तंबाखू आणि मनाची अस्वस्थता पाहून डॉक्टर व रुग्ण मिळून ठरवतात. तुमच्याकडून ती तपासणी आधीच झाली आहे. आणखी एक गोष्ट मात्र राहिली आहे: घरात रक्तदाब आणि मेंदूतला रक्तस्राव दोन्ही असताना पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी नाहीत ना, हे एकदा पाहावे. मूत्रपिंडात अशा असंख्य गाठी होणारा एक आनुवंशिक आजार आहे. तो असलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांच्या मेंदूत फुगे आढळतात आणि तरुणपणीच रक्तदाब वाढतो. ही सोनोग्राफी तालुक्याच्या ठिकाणीही होते आणि तिचा खर्च मोठ्या अँजिओग्राफीच्या मानाने किरकोळ आहे.

आता त्या मोठ्या अँजिओग्राफीविषयी. डीएसए नावाच्या या तपासणीत मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून थेट मेंदूच्या धमन्यांपर्यंत रंगद्रव्य सोडतात. चित्र सर्वांत स्पष्ट मिळते, यात शंका नाही. पण नळीमुळे पक्षाघात होण्याचा लहानसा, तरी खराखुरा धोका असतो. म्हणून आधीच्या चित्रात काही संशयास्पद दिसले किंवा उपचार ठरवायचा असला तरच ती करतात. निव्वळ बारीक ए-वन नीट पाहायची म्हणून ती करणे मला पटत नाही. त्याऐवजी एमआरआय केंद्राकडून पूर्ण चित्रांची सीडी घ्या आणि ती मेंदूविकार-शल्यविशारद किंवा मेंदूच्या धमन्यांचा अनुभव असलेले रेडिओलॉजिस्ट यांना पुन्हा वाचायला द्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो यासाठी उपयोगाचा नाही. एमआर अँजिओग्राफी वाहते रक्त टिपते. प्रवाह मंद असला, की धमनी असते त्याहून बारीक दिसते किंवा दिसतच नाही. तुमची उजवी ए-वन रिपोर्टात आहे तितकी बारीक नसण्याचीही शक्यता आहे. तीन मिलिमीटरपेक्षा लहान फुगा मात्र या तपासणीत कधीकधी निसटतो; पुन्हा वाचताना शंका आलीच, तर पुढची पायरी सीटी अँजिओग्राफी. त्यात क्ष-किरण आणि रंगद्रव्य येते, म्हणून मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासावे लागते. हे ज्यांच्या रिपोर्टात ‘इन्फंडिब्युलम’ लिहिलेले असेल अशा वाचकांनीही लक्षात ठेवावे: मागच्या जोडधमनीच्या मुळाशी नरसाळ्यासारखी लहानशी रुंदी असते, ती फुग्यासारखी दिसते, पण फुगा नसते.

बारीक धमनी मोठी करण्याचे ऑपरेशन या कारणासाठी कोणी करत नाही, कारण तुमच्या मेंदूला रक्त कमी पडत नाही. ते दुसऱ्या वाटेने येते. १९३७ साली अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला क्लिप लावली आणि १९९० सालापासून नळीतून प्लॅटिनमची तार फुग्यात भरण्याची पद्धत आली, पण हे सर्व उपचार फुग्यावरचे आहेत, ठेवणीवरचे नाहीत. उद्या कधी मानेच्या कॅरोटिड धमनीत अडथळा आला किंवा तिथे शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर पर्यायी वाट अरुंद असल्याचे डॉक्टरांना माहीत असणे उपयोगी पडेल. म्हणून रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा.

तुमची डोकेदुखी, वर्णनावरून, अर्धशिशीच्या जवळची वाटते. न फुटलेला लहान फुगाही सहसा डोके दुखवत नाही, मग फुगा नसताना या दुखण्याचा दोष वर्तुळाला देता येणार नाही. तिचे उपचार वेगळे आहेत आणि ते घ्यावेत. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्याने डोकेदुखी चिवट होते आणि त्यांतील बऱ्याच गोळ्या रक्तदाबही वाढवतात, हे मात्र सांगायला हवे.

रक्तदाब १५६/९८ हा एकदाच मोजलेला आकडा असेल, तर त्यावरून निष्कर्ष काढत नाही. पण गोळी चालू असूनही, किंवा राहून गेल्यामुळे, तो तिथे असेल, तर तुमच्या धमन्यांवर रोजचा ताण तो टाकतो आहे. ठेवण जन्मापासून आहे आणि बदलणार नाही. डावी ए-वन जास्त रक्त वाहत असताना त्या रक्ताचा दाबही जास्त असणे, हे मात्र बदलता येते. दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घरी आणा आणि एक आठवडा सकाळी व संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, मोजून वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. घरी मोजलेला दाब १३५/८५च्या वर राहत असेल, तर औषध बदलायला हवे. हंगामात तुम्ही पहाटेच बागेत जाता असे लिहिले आहे, तर गोळीची पट्टी स्वयंपाकघरात न ठेवता दुसरी एक बागेतल्या मांगरात ठेवा, म्हणजे घरून निघताना विसरली तरी पेट्या भरायला बसण्यापूर्वी घेता येईल. पेजेबरोबर रोज खारवलेली कैरी आणि सुका बांगडा असेल, तर आठवड्यातून काही दिवस तरी त्याला रजा द्यावी लागेल. कोकणात हे सांगणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. विडी-सिगारेटचा मेंदूतल्या फुग्यांशी आणि ते फुटण्याशी असलेला संबंध भक्कम पुराव्याचा आहे. मशेरीत धूर नसला तरी निकोटिन आहे, ते नाडी व दाब वाढवते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे कारण तर वेगळे सांगायला नको. एकदम सुटत नसेल, तर दिवसातली दुसरी वेळ आधी बंद करा. दादांना सिगारेटची सवय होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कागद पाहताना तेही आठवून ठेवा.

मुलीची तपासणी नको. तिच्या दृष्टीने सर्वांत जवळच्या नात्यातील व्यक्ती तुम्ही आहात आणि तुमच्या तपासणीत फुगा दिसलेला नाही. मामा हे एक पायरी दूरचे नाते झाले. १९व्या वर्षी तिच्या मेंदूचे चित्र काढले तर कदाचित तिच्याही वर्तुळात काहीतरी असमान सापडेल आणि घरात आणखी एक रिपोर्ट वाचला जाईल. लग्नाच्या वेळी सांगण्यासारखे इथे काही नाही, कारण तुमच्या शरीराची ठेवण हा आजार नाही आणि तिच्याविषयी तर काहीच निष्पन्न झालेले नाही. ‘लपवले’ असे पुढे कोणी म्हणेल, ही तुमची भीती मी समजू शकतो, पण जे नाही ते लपवता येत नाही. सांगायचे असेलच तर दादांच्या मुलांना सांगा: वडिलांच्या कागदावर फुग्याचे निदान निघाले, तर त्यांनी रक्तदाब नियमित मोजावा, तंबाखूपासून दूर राहावे आणि तपासणीचा प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवावा. ती मुले दादांची थेट वारस आहेत. तुमची मुलगी नाही.

एक लक्षण मात्र तुमच्या घरातल्या सर्वांना ठाऊक असावे, आणि ते तुमच्या नेहमीच्या डोकेदुखीसारखे नसते. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचणारी, सोबत उलटी, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे किंवा आकडी येणे. तसेच एका डोळ्याची पापणी अचानक पडून त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसणे. असे झाले, तर ‘ऊन लागले’ किंवा ‘पित्त झाले’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये, अॅस्पिरिनची गोळी देऊ नये, आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव क्वचितच सुटतो. वेळ गेल्यावर पाठीतून पाणी काढून तपासावे लागू शकते. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो, म्हणून देवगडहून कणकवली, ओरोस, बांबोळी की फोंडा घाटाने कोल्हापूर, यांपैकी कुठे सीटी स्कॅन रात्रीही चालू असतो आणि कुठे मेंदूची शस्त्रक्रिया होते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतो, म्हणून दोन ठिकाणे लिहा.

पेट्या उचलण्याबद्दल: ज्यांच्या मेंदूत फुगा आहे त्यांच्याबाबत जोर लावणे, कुंथणे, संतापणे यांचा विचार डॉक्टर करतात. तुमच्यावर असे कोणतेही बंधन घालण्याचे कारण नाही. पेट्या उचला, समुद्रावर चाला, विमानाने लेकीला भेटायला जा. उकाड्यात दुपारी काम करताना पाणी भरपूर प्या, कारण उन्हाने तुमची अर्धशिशी चाळवते. पुढचा एमआरआय केवळ या ठेवणीसाठी दरवर्षी करण्याची गरज नाही. दादांच्या कागदांवर फुगा निघाला आणि घरातील आणखी कोणाला तसेच झाले, तर मात्र काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहावे लागेल, आणि ते अंतर तुमची सीडी वाचणाऱ्या तज्ज्ञांनी ठरवावे.